दत्तूचं कार्ड

दत्तूला एकट्याने जेवता येत नसे. त्याची आई, काशीकाकू, कुठे बारशाबिरशाला गेल्या की हा वाढलेलं ताट हातात घेऊन मांडवीतल्या आमच्या घरी हजर. ‘एकटा बसलो की घास तोंडातल्या तोंडात फिरतो रे,’ म्हणायचा. आम्ही त्याला ‘चालती पंगत’ म्हणून चिडवत असू.

मॅट्रिकनंतर मी कचेरीत चिकटलो. तो बोटीने मुंबईला कॉलेजात गेला. आमच्या आळीतला पहिलाच. जेवण वारांवर, सात वारांना सात घरी. घरची माणसं जेवून उठली की याचं पान दाराशी मांडत. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, ‘अन्न चांगलं असतं रे. पण वाढणारंसुद्धा थांबत नाही.’

काशीकाकूंना वाचता येत नसे. त्याची कार्डं मी वाचून दाखवत असे, उत्तरंही मीच लिहीत असे. दुसऱ्या वर्षी वैशाखात कार्ड आलं. ‘महिनाभर कुणाशी बोललेलो नाही. झोप नाही. डोकं ठिकाणावर राहत नाही. पावसाने बोटी बंद व्हायच्या आत घरी येऊ का?’

‘काय लिहिलंन रे?’ काकू अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या.

मला वाटलं, घरची आठवण येत असेल, चार दिवसांत जाईल. त्या माउलीच्या जिवाला घोर कशाला? मी वाचलं, ‘प्रकृती उत्तम. अभ्यासासाठी पावसाळा इथेच काढतो.’

‘बरं तर. लिही, अभ्यास कर, बोटी सुरू झाल्या की ये.’

मी तसंच लिहिलं. मोठा शहाणा ना मी.

नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या बोटीने कुणी सोबती त्याला पोचवून गेला. नुसती हाडं उरली होती. आईशी अक्षर बोलेना, तिच्याकडे पाहीना. काकू मलाच विचारायच्या, ‘माझं काय चुकलं रे?’

कार्तिकात मला राहवेना. पडवीत त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं.

‘म्हणजे आईने ये म्हटलं असतं?’

‘हो.’

त्याने मान वळवून आत आईच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, ‘तिला सांगू नको हां. वाचून घ्यायला तिला तुझ्याशिवाय आहे कोण? मग तिने विश्वास ठेवायचा कुणावर?’

त्या दिवसापासून तो आईशी बोलू लागला. पण शरीरात काही उरलं नव्हतं. मार्गशीर्षात साधा ताप आला, तेवढाही त्याला पेलला नाही.

काकू अजून ती कार्डं घेऊन येतात. वैशाखातलं हाती आलं की मी वाचतो, ‘प्रकृती उत्तम.’