अक्कांच्या गच्चीवरचं ऊन

कुठलीही वस्तू घ्यायची झाली की अक्का आधी दुकानात जात नसत. ती ज्यांनी घेतली असेल त्यांच्या घरी जात. "विकनाऱ्याला काय इचारता? घेऊन बसलेल्याला इचारा," हे त्यांचं ठरलेलं. मिक्सर घ्यायच्या आधी त्यांनी औशातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत शेंगदाण्याची चटणी वाटून पाहिली होती. आमच्या गल्लीत कोणी काही नवं आणलं की चहाचं आधण आधीच चढायचं. अक्का येणार हे नक्की.

ती वर्षं दुष्काळाची होती. टँकर आठवड्याने यायचा आणि वीज मनाला येईल तेव्हा जायची. अक्कांचे यजमान अप्पा छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी घरीच ऑक्सिजनचं मशीन लावून दिलं होतं, पण वीज गेली की ते गप्प. मग लातूरहून आणून ठेवलेला सिलिंडर. अप्पा त्यातूनही थट्टा करत, "लातूर नवा जिल्हा झाला तवा वाटलं हुतं, आता लाईट जायची न्हाई!" एका दुपारी सिलिंडर संपत आला, वीज येईना, अप्पांचे ओठ निळे पडू लागले. अक्का दारात उभ्या राहून दुसऱ्या सिलिंडरच्या रिक्षाची वाट बघत होत्या.

रिक्षा वेळेवर आली. दुसऱ्याच दिवशी अक्का मला म्हणाल्या, "गुरुजी, गच्चीवर सोलार बसवायचं. चला माझ्यासंगं." मी शेजारचा मास्तर, माझ्याकडे फटफटी होती म्हणून हा मान.

लातुरात एका दुकानदाराने फारच स्वस्तातलं दाखवलं. बिल जवळजवळ शून्यावर येईल म्हणाला. मी तर मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो. अक्कांनी मात्र त्याच्याकडून गिऱ्हाइकाचा पत्ता घेतला आणि तडक त्या घरचा जिना चढल्या. तिथल्या बाईंनी सोलारचं तोंडभरून कौतुक केलं. अक्कांनी एवढंच विचारलं, "लाईट गेल्यावर पंखा फिरतो का?"

"न्हाई ओ. लाईट गेली की हे बी बंद. बॅटरी न्हाई ना. बिल तेवढं कमी येतं."

अक्कांनी जिन्यातूनच बाहेरच्या उन्हाकडे बोट केलं. "एवढं ऊन पडून राहिलंय, अन् वायरीत लाईट न्हाई म्हनून ते फुकट?"

बॅटरीचं सोलार महाग पडत होतं. अक्कांनी घर पुरं उजळायचा नाद सोडला. मोजके पॅनल, चांगली बॅटरी, आणि त्यावर फक्त मशीन नि एक बल्ब. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, फ्रिजपण जोडून घे. "फ्रिजला दम लागत न्हाई," म्हणून अक्कांनी फोन ठेवला.

एक चूक मात्र झालीच. धूळ बसली म्हणून त्यांनी पॅनल बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतले, आणि काचेवर पांढरा थर चढला. मी लिंबू आणून तो घासून काढला. त्यानंतर अप्पा अंथरुणावरच करत त्या लिंगपूजेचं टँकरचं गोडं पाणी, जे एरवी पवित्र म्हणून बेलाच्या झाडाला जायचं, ते तांब्यात जपून रोज गच्चीवर जाऊ लागलं. शेजारच्या बायका कुजबुजल्या. अक्का म्हणाल्या, "बेल माफ करंल मला."

पुढे पाऊस झाला, दुष्काळ सरला. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी अप्पा गेले. नेमकी तेव्हा गल्लीत वीज नव्हती. जमलेल्यांत कोणीतरी हळूच विचारलं, "लाईट गेली म्हनून तर न्हवं?"

अक्कांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आतल्या खोलीत सोलारवर मशीन घरघरत चालूच होतं. ते बंद करायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"ऐका," त्या म्हणाल्या. "हवा कमी पडली न्हाई त्यास्नी. आयुष्य कमी पडलं."

मग त्या उठल्या, आपल्या हाताने मशीनचं बटण बंद केलं, आणि तेव्हा कुठे रडल्या.