भिजवलेल्या कांड्या

भावोजी कामावरून यायचे तेव्हा आधी वास यायचा, मग ते. मुताचा, ओल्या भुशाचा आणि फिनेलचा मिळून असा वास, की मी लगेच खिडकी उघडायची. प्रयोगशाळेच्या उंदीरघरात पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणं-पाणी बघणं हे त्यांचं काम. गल्लीत त्यांना उंदीरमामाच म्हणत. मी त्यांच्याकडे राहायला आले होते ती ताईच्या आजारपणामुळे.

ताईच्या गळ्यातल्या गाठीवर किरणांचे उपचार झाले. गाठ गेली, जाताना लाळही घेऊन गेली. घास तोंडात नुसता फिरायचा, जीभ टाळ्याला चिकटायची, आणि तोंडाला असा घाण वास यायचा की मी काहीतरी निमित्त काढून उठायची. भावोजी उठत नसत. पाव सुपात बुडवून, बोटांनी कुस्करून ते तिला भरवायचे.

त्यांना किळस होती ती कामाची. तिथले उंदीर मुद्दाम कोरड्या तोंडाचे जन्माला घातलेले. त्यांच्यातलं एक जनुक आधीच बिघडवून ठेवलेलं, त्यामुळे लाळेच्या ग्रंथी वाळून जायच्या. अर्ध्यांना नवं औषध टोचायचं, अर्ध्यांना नुसतं पाणी, आणि पिठाच्या दाबून केलेल्या कोरड्या कांड्या कोण किती खातं ते बघायचं. औषध लागू पडलं तर पुढे माणसांना, म्हणजे कधीतरी ताईला. "आधी जीव बिघडवायचा, मग किती बिघडला ते मोजायचं," असं म्हणत भावोजी पुन्हा साबण हाताला लावायचे. ताई मात्र त्या उंदरांकडे डोळे लावून बसली होती. आज कसे आहेत, खातात का, अशी रोज चौकशी करायची, जणू सोयरेच.

एके दिवशी भावोजी आले आणि ताटावर बसलेच नाहीत. प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनी औषध बाद ठरवलं होतं. औषध टोचलेले आणि पाणी टोचलेले, सगळेच सारखे गुटगुटीत. डोंगर पोखरून उंदीर काढला, म्हणून तिथे सगळे हसले म्हणे. भावोजी हसू शकले नाहीत. पिंजऱ्यात कांडी ठेवण्याआधी ती पाण्यात बुडवून बोटांनी मऊ करायची, ही त्यांच्या हाताची खोड झाली होती. घरी पाव, तिथे कांडी. कधी सुरू झालं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, आणि ओलं खाणं काय, औषधाशिवायही गिळता येतं.

"मला माझ्याच हातांची शिसारी आलीये," ते म्हणाले.

ताईने पाण्याचा घोट घेतला. बोलण्याआधी तिला तो घ्यावाच लागे.

"उद्या सांगा त्यांना."

"नोकरी गेली तर?"

"सूप पातळ करू. पण सांगा."

त्यांनी सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. थंडपणे म्हणाल्या, सगळं पहिल्यापासून करू, नवे उंदीर घेऊ, हे मारून टाका. नोकरी गेली नाही, कारण त्या घाणीत हात घालायला दुसरं कोण मिळणार? मारायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. खाऊन-पिऊन लठ्ठ झालेले ते जीव त्यांनी एकेक करून गॅसच्या पेटीत घातले. ते ऐकताना मला उंदरांचीही किळस आली, मॅडमचीही, आणि अशी कामं ज्यांच्यापायी करावी लागतात त्या आपल्या रोगांचीही.

संध्याकाळी ताईने विचारलं, "आज कसे आहेत?"

"गेले. सगळे."

घोट घेऊन ती म्हणाली, "पोटभर खाऊन गेले ना?"

"हो."

आता नवे उंदीर आले आहेत. त्यांना भावोजी कांड्या कोरड्याच घालतात, आणि ताईला भरवत नाहीत. हाताला पुन्हा ती सवय लागायला नको, म्हणतात. पाव मी कुस्करते, श्वास रोखून. ते समोर बसून कोरडा पाव चावत असतात, आणि माझ्या हातचा घास तोंडात फिरवत ताई त्यांच्या हातांकडे बघत राहते.