तेवढंच सांग

माझा भाऊ डॉक्टर झाला याचा मला आनंद झाला नाही. सरळच लिहिते. दौंडच्या विहारात वस्तीतला पहिला डॉक्टर म्हणून त्याचा सत्कार झाला तेव्हा टाळ्या मीही वाजवल्या, पण आतून जळत होते.

मॅट्रिकला मला दादापेक्षा जास्त मार्क होते. आप्पा रेल्वेत सांधेवाले, गाड्यांचे रूळ बदलणारे. माझा निकाल बघून म्हणाले, "पोरगी हुशार हाय." बास, एवढंच. दादा तेव्हा पुण्यात मेडिकलला होता, आणि एका घरातनं एकच शिकंल असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मला कोण विचारतो?

सुट्टीत दादा मित्रांच्या मेडिकलच्या वह्या आणायचा आणि मी त्या त्याला उतरवून द्यायची, कारण माझं अक्षर चांगलं. याच अक्षरात पुढं मी चळवळीच्या पत्रकांची स्टेन्सिलं कापली. बाईला पुरुषाइतकी मजुरी द्या, पाणवठे खुले करा. आणि घरात? घरात मी फुकट लेखनिक.

दादानं शिरूरला दवाखाना काढला, आणि त्याला भाकरी करून घालायला मला धाडलं. ज्यांच्या ओसरीवर आप्पा कधी चढले नाहीत, त्या बागायतदारांच्या सुना आमच्याकडं येऊ लागल्या. पण अंगावरचं दुखणं पुरुषाला सांगायचं कसं? म्हणून कोपऱ्यात पडदा लावला. पडद्याआड बाई माझ्या कानाशी बोलायची, मी दादाला सांगायची, तो औषध लिहायचा. बाया पाया पडायच्या त्याच्या. मला विचारायच्या, "ताई, तुमचं लगीन कवा?"

एका सकाळी एका म्हातारीचे डोळे बघून मी म्हणाले, "दादा, कावीळ दिसतेय."

"बाई म्हणते तेवढंच सांग," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "निदान मी करतो."

मग त्यानं डोळे बघितले आणि निदान केलं. कावीळ!

पुढची पेशंट तळेगाव ढमढेऱ्याची एक नवी सून. पडद्याआड म्हणाली, "खोकला न् कणकण हाय, ताई." मग आवाज खाली नेऊन, "आन् दोन म्हयनं झालं, पाळी न्हाई. घरी अजून कुणाला ठावं न्हाई."

"काय म्हणतायत?" बाहेरून दादा.

"खोकला. कणकण."

"आणखी काही?"

"नाही."

तोंडातून चुकून गेलं नाही ते. ठरवून बोलले. बघू तरी, मोठा डॉक्टर काय दिवे लावतो! त्यानं कॅप्सूल लिहून दिल्या. पुडी बांधून तिच्या हातात मीच दिली.

ती गेली आणि मला दादासाठी उतरवलेली वही दिसायला लागली. त्याच औषधाच्या नावापुढं लिहिलेलं, गरोदरपणी देऊ नये. खाली लाल शाईची रेघ. मीच ओढलेली. चपला न घालता स्टँडपर्यंत पळाले. तळेगावची एसटी सुरू होऊन उभी होती, ती खिडकीशी.

"उतरा खाली. पुडी द्या ती."

"का वं? डाक्टर चुकले व्हय?"

"व्हय," मी म्हणाले. इतका गोड शब्द मी कधी उच्चारला नव्हता.

दवाखान्यात शिरताच ती म्हणाली, "ताई म्हंत्यात, तुमचं चुकलं." बाकावरचे पेशंट माना वळवून बघायला लागले. मी टेबलाशी जाऊन दादाला हळूच सांगितलं, "तिला दोन महिने झालेत."

"तुला कधी सांगितलं?"

"मघाशीच."

 तो उठला आणि तिला म्हणाला, "माझं चुकलं, बाई. मी नीट विचारायला हवं होतं." दुसरं औषध दिलं. ती निघताना त्याच्या पाया पडली. तो मोठेपणासुद्धा त्यालाच मिळाला, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

दुपारी जेवताना तो एवढंच म्हणाला, "राग माझ्यावर होता ना? मग तिचा काय संबंध?" मी पत्रकांतून दुसऱ्यांना असेच प्रश्न विचारते.  त्यानंतर पडद्याआड बसले नाही. निरोप्या म्हणून तर नाहीच.

रविवारी दादाबरोबर दौंडला जाऊन आप्पांना सांगितलं, "मी नर्सिंगचा फॉर्म भरणार." डॉक्टर होण्याची वेळ निघून गेली होती, एवढं मला कळत होतं.

"घरात एक डॉक्टर हाय की," आप्पा म्हणाले. "आता आनखी कशाला?"

"भरू द्या तिला, आप्पा," दादा म्हणाला.

"तू म्हंतोस? मग भरू दे."

चुलीपाशी आईचे डोळे भरून आले. "बघ, भाऊ असावा तर असा!"

आप्पांनी दादाच्याच पेनानं सही केली. मी ते पेन दादाला परत दिलं आणि माझा टाक आणि दौत काढली. बाकीचा फॉर्म माझ्या अक्षरात आहे.