तीन फणांची गिटार

मिस्त्री चाचा एका जागी बसलेले मी आयुष्यात एकदाच पाहिले. न्हावी तर शपथेवर सांगायचा, की त्यांची अर्धी दाढी मेहकरात होते आणि उरलेली लोणारच्या रस्त्यावर. मी यातला निम्माच भाग खरा धरतो. "बसल्या मानसाले गंज चढते," म्हणत चाचा रंधा मारता मारता दुकानाला फेऱ्या घालत.

पेरणीची तीन फणांची तिफण करावी तर चाचांनीच. पण कपाशीचं बीटी वाण आलं आणि ते पाकिटातलं महागडं बियाणं तिफणीच्या चाड्यात सोडायला कोणाची छाती होईना. बाया एकेक सरकी बोटानं टोचू लागल्या. चाचांचे हात रिकामे, पायात मात्र भिंगरी. अशात मी, बँड पार्टीतला गिटारवाला, मान तुटलेली इलेक्ट्रिक गिटार घेऊन त्यांच्या दुकानात शिरलो.

"हिचा आवाज पोटातून येते का तारेतून?"

"तारेतून, चाचा."

"मंग कंबर अशीच काऊन बे? कोनाच्या बापानं ठरवली?"

तिथून जे सुटले! एक गिटार बैलाच्या शिंगांची. एक लोणारच्या सरोवरासारखी, गोल आणि मधे खोल. एक फुटलेल्या बोंडाची. तिची चौथी पाकळी नवरदेवाच्या फेट्यात अडकली आणि फेटा वरातीच्या आधी मांडवात पोचला. मी म्हटलं, "चाचा, बोंडाची अजून एक करा ना."

"एकच चीज दोनदा करते तो साचा. मी मिस्त्री हाय."

सगळ्यांत अचाट होती ती तिफणीची. उंद्रीच्या भगवानरावांनी दुरुस्तीला टाकलेली तिफण कित्येक वर्षं कोपऱ्यात पडून होती. "आता काय येते तो," म्हणत चाचांनी तिच्या नळ्या आणि चाडं उतरवलं, खोडाला गिटारची मान जोडली, तारा ताणल्या, आवाजाचं बटन बसवलं. फण एकही कापला नाही. ती गळ्यात घेतली की मी चार बोटं जमिनीत जायचो. पण आवाज असा, की पहिला सूर लागला आणि एसटी स्टँडवरून तीन गाड्या वेळेवर सुटल्या!

लग्नातला व्हिडिओ मोबाइलवरून फिरत फिरत पुण्याच्या एका शौकिनापर्यंत गेला. त्याच्याकडे बाणासारख्या, ताऱ्यासारख्या, विजेसारख्या वाकड्या गिटारींचा संग्रह. तो गाडी घेऊन थेट दुकानात आला. "काचेच्या कपाटात ठेवीन. खाली तुमचं नाव लिहीन."

आजवर चाचांनी केलेली प्रत्येक तिफण शेतकऱ्याच्याच नावानं ओळखली गेली होती. चाचांचे पाय थांबले. ते स्टुलावर बसले. तेच ते एकदा.

गिटार गोधडीत गुंडाळून होत होती, तेवढ्यात दारात भगवानराव.

"मिस्त्री, माही तिफण दे. दोन साल बोंडअळीनं कपाशी खाल्ली. यंदा ज्वारी पेरतो."

मी चाचांच्या कानाला लागलो. "नवी करून द्या ना त्याले."

"दुरुस्तीले देल्ती बे त्यानं, बदलाले नाई. अमानत हाय."

चाचा उठले. एकेक तार उतरवली, मान सोडवली, नळ्या आणि चाडं जागच्या जागी बसवलं. पुण्याचा शौकीन हात जोडून म्हणाला, "चाचा, मग अशीच दुसरी तरी करून द्या."

चाचा हसले. "साहेब, साचा नाई मी."

आवाजाचं बटन तेवढं तिफणीवरच राहिलं. त्याचा स्क्रू निघत नाही, चाचा म्हणाले. चाचांच्या हाताला न निघणारा स्क्रू अजून कोणत्या कारखान्यात जन्मायचा होता.

चाचा गेले त्याला आता काही वर्षं झाली. मागच्या पेरणीला मी उंद्रीत भगवानरावांच्या ओसरीवर चहा पीत होतो. एक पोरगेला शेतकरी दारात येऊन ओरडला, "काका, मिस्त्री हाय का घरी?"

मी कपबशी खाली ठेवली.

भगवानराव चहा फुंकत म्हणाले, "तो काऊन राह्यते घरी! सकाळपासून तिसऱ्या वावरात फिरून राह्यला. पेरून झालं की घेऊन जा. अन् त्याचं बटन तोडू नको."