टेबलाखालचा हार

नागापूरच्या आमच्या कारखान्यात ऑर्डरींची वेबसाइट सांभाळणारे गृहस्थ माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. जुन्या फ्रेमवर्कवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या जुन्या सांगाड्यावर, उभी असलेली ती वेबसाइट नव्यावर न्यायला साहेबांनी त्यांना दोन महिने दिले होते. दीड वर्ष गेलं. एक पान चालू झालं की दुसरं बंद पडायचं, आणि सगळं जुळेपर्यंत फ्रेमवर्कचीच पुढची आवृत्ती यायची. ते मात्र चिडत नसत. बशीतल्या चहावर फुंकर मारत म्हणायचे, "हुतंय. लई थोडं राह्यलंय." दीड वर्षात न बिघडलेलं तेवढं एकच वाक्य.

अखेर नवी वेबसाइट सुरू झाली. साहेबांनी पेढे वाटले आणि जुनी वेबसाइट ज्यावर चालायची तो कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं.

खंडेनवमीला सगळ्यांनी आपापल्या यंत्रांना झेंडूचे हार घातले. हे गृहस्थ मात्र आपल्या टेबलाखाली वाकले. मीही वाकून पाहिलं. हार जुन्या कॉम्प्युटरला होता आणि त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"अहो, मग नवी वेबसाइट काय करते?"

"ती दिसती," ते शांतपणे म्हणाले. "काम ह्यो करतोय."

तेवढ्यात साहेब प्रसाद घेऊन आले. मी माझी खुर्ची हळूच त्या हारापुढे सरकवली.