डॉरीन तीन मिनिटं लेट

आमच्या बँडमधला एक ना एक माणूस दरवर्षी ऑस्ट्रेलियाला जायचा. विमानात वीस किलोच सामान नेऊ द्यायचे, त्यामुळे जो तो आपले किस्से इथेच टाकून गेला! आता मद्रासचं चेन्नई झालं, बँडमधले सेल्वम आणि मी दोघेच उरलो, आणि बाकीच्यांचं सगळं आमच्या डोक्यावर. सेल्वमच्या घरी कॉफी प्यायला बसलं की एका किश्शातून दुसरा निघतो. त्याची बायको म्हणते, "हे दोघं बोलायला लागले की मी कुकर लावून बाजारात जाऊन येते."

मी राव. तंजावरकडचा मराठी. हे लिहिणं जरा सोलापुरी वाटलं तर तो बायकोचा हात. आमच्या घरचं मराठी तिला लग्नानंतर सहा महिने कळत नव्हतं. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होतो आणि शनिवार-रविवार पेरंबूरच्या रेल्वे कॉलनीतल्या क्लबात बेस गिटार वाजवायचो. सेल्वम दिवसा वर्कशॉपमध्ये डब्यांवर हातोडा मारायचा आणि संध्याकाळी ड्रमवर. तक्रारी दोन्हीकडून सारख्याच यायच्या!

आणि गायला डॉरीन. शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवायची, आवाज मात्र असा की मागच्या रांगेतला माणूससुद्धा ताठ बसायचा.

*

कॉलनीतल्या अँग्लो-इंडियन लोकांचा जीव कंट्री म्युझिकवर. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यातली गाणी. त्यात आई असते, आगगाडी असते, तुरुंग असतो, आणि बहुतेक वेळा शेवटी कुत्रा मरतो. त्यांतले बहुतेक लोक इंग्लंडलासुद्धा गेले नव्हते, पण ही गाणी त्यांना पाठ.

एकदा मी जॉर्ज टाउनमध्ये जुन्या सामानाच्या दुकानातून एक एलपी आणली. बोटीवरच्या कुणा खलाशाने विकलेली असणार. कव्हर नाही, मधलं लेबल खरवडलेलं. गाणाऱ्याचं नाव आम्हाला तेव्हाही कळलं नाही आणि आजही ठाऊक नाही.

रविवारी सकाळी प्रॅक्टिसला ती लावली. गाणी तर आमचीच, कंट्रीची! पण आवाजावरून गाणारा काळा माणूस, त्यांच्या चर्चमधून निघालेलं सोल गाणारा. चर्चमध्ये गुडघे टेकून बसल्यासारखा गात होता. जिथे आम्ही टाळ्या वाजवायचो तिथे तो थांबायचा. एका ओळीवर तर इतका वेळ थांबला, की सेल्वमने सुई अडकली का म्हणून वाकून पाहिलं.

डॉरीनचे वडील, अंकल बर्टी, कोपऱ्यात बसले होते. मेल गाडीचे रिटायर्ड ड्रायव्हर. ते म्हणाले, "या माणसाला काय झालंय? बरं नाहीये का त्याला?"

डॉरीन उठली, सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून लावली. म्हणाली, "बरा आहे, डॅडी. फक्त जे गातोय ते त्याला खरं वाटतंय."

त्या दिवशी आम्ही दुसरं काहीच वाजवलं नाही. नाव माहीत नसल्यामुळे सेल्वमने त्या गायकाला 'पेरियण्णा' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे थोरला भाऊ. घरचाच माणूस झाला तो आमच्या.

*

अंकल बर्टींकडे ड्रायव्हरचं खिशातलं घड्याळ होतं, साखळीचं, झाकणाचं. झोपेतसुद्धा ते हाताशी असायचं म्हणे. डॉरीनने पेरियण्णाच्या पद्धतीने पहिलं गाणं गायलं ते आगगाडीचं. मूळ रेकॉर्डवर गाडी कशी धडधडत जाते! डॉरीनची गाडी सुटायलाच तयार नव्हती. वाफ सोडत, उसासे टाकत, प्लॅटफॉर्मवरच उभी.

गाणं संपलं. टाळ्या तुरळक. अंकलनी झाकण टक्कन मिटलं आणि मोठ्याने जाहीर केलं, "तीन मिनिटं लेट!"

तेव्हापासून हा नेमच झाला. डॉरीन गायची, अंकल घड्याळ लावायचे. "दोन मिनिटं लेट." "चार लेट, आणि कारण काहीच नाही!" हॉल हसायचा. डॉरीनही हसायची, पण माइक स्टँडला अडकवून होईपर्यंत वडिलांकडे बघायची नाही, ते मला बाजूने दिसायचं.

*

क्लबात डान्स असायचा आणि लोकांना पायाखाली ताल लागतो. एका शनिवारी क्विकस्टेप चालू असताना डॉरीनने मधेच ओळ लांबवली. जोडपी जागच्या जागी थबकली. मागून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "डॉरीन, बाळ, आटप ना! माझी बायको अजून एका पायावर उभी आहे!"

सोमवारी क्लबाच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली: यापुढे सर्व गाणी रेकॉर्डप्रमाणेच वाजवावीत.

सेल्वम पेरियण्णाला काखेत मारून सरळ त्यांच्या ऑफिसात गेला. "सार, नोटीस वाचली. ही घ्या रेकॉर्ड. अगदी हिच्याप्रमाणेच वाजवतोय आम्ही!"

सेक्रेटरी चिडले, पण लाव म्हणाले. पहिलं गाणं त्यांनी उभ्याने ऐकलं. दुसऱ्याला खुर्चीत बसले. तिसरं आईचं होतं; त्यांची आई त्याच वर्षी गेली होती. संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने नोटीस काढली. सेल्वमला एवढंच म्हणाले, "शनिवारी एखाददुसरं जलद वाजवा रे."

*

या हळू गाण्यांनी सेल्वमला मात्र रडकुंडीला आणलं. म्हणायचा, "राव, जलद गाण्यात चूक पळून जाते. हळू गाण्यात ती पाट मांडून जेवायलाच बसते!"

*

डॉरीन एका शनिवारी सकाळी आमच्या घरी आली. घरात भजन होतं. आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, मराठी अभंग गायचे, पण सगळे कर्नाटकी रागांत, मृदंगावर. पिढ्यान् पिढ्या तसंच. पुण्याचे एक पाहुणे एकदा ऐकून म्हणाले होते, "शब्द ओळखीचे आहेत, पण चाल साफ चुकली हो तुमची." अप्पा तेव्हा काही बोलले नव्हते.

भजन संपल्यावर मी अप्पांना डॉरीनची सगळी हकिगत सांगितली. लोक तिला गाणी बिघडवलीस म्हणतात, तिचे वडीलही म्हणतात. अप्पांनी तिला गायला सांगितलं. ती आमच्या देवापुढे मांडी घालून बसली आणि पेरियण्णाचं एक गाणं गायली. अप्पांना इंग्रजी ऑफिसपुरतं येत होतं. त्यांनी डोळे मिटून हाताने ताल धरला.

मग पुण्याच्या पाहुण्यांना द्यायचं उत्तर त्यांनी डॉरीनला दिलं, तेही मराठीत. "चाल चुकली नव्हे, पोरी. ती येथें राहावयास आली."

मी तिला इंग्रजीत सांगितलं. तिने अप्पांना वाकून नमस्कार केला. कुणी शिकवला होता कोण जाणे.

*

आता जरा गंभीर सांगतो. एक गाणं होतं जे डॉरीन कधीच गायची नाही. खिडकीत दिवा ठेवून वाट पाहणाऱ्या बाईचं, वॉल्ट्झ नाचाच्या तालातलं. कॉलनीत सगळ्यांच्या आवडीचं. फर्माइश आली की ती म्हणायची, "ते नको, दुसरं सांगा."

मी एकदा विचारलं. तिने सांगितलं ते असं. ते तिच्या आईचं, आयरीन आंटींचं गाणं. अंकल आणि त्या पहिल्यांदा नाचले ते याच गाण्यावर. पुढे आंटी आजारी पडल्या. त्या दिवशी अंकल ड्यूटीवर, परतीच्या गाडीवर होते. निरोप त्यांना वाटेत मिळाला. पण पुढची लाइन सिंगल, जायला-यायला एकच रूळ. सिंगल लाइनवर स्टेशनमास्तरच्या परवानगीचं टोकन हातात आल्याशिवाय ड्रायव्हरला पुढे जाता येत नाही. समोरून गाडी यायची होती, ती येईना. एका लहानशा स्टेशनात अंकल दीड तास इंजिनात उभे होते, घड्याळ हातात धरून. घरी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

"मला ते गाणं गायचंय, राव," डॉरीन म्हणाली. "नाचायचं म्हणून नाही. त्या दीड तासासारखं गायचंय. पण डॅडींनी हो म्हटल्याशिवाय नाही गाणार."

विचारलं होतं तिने. अंकल म्हणाले होते, "बाकी सगळी गाणी घे, हवी तेवढी लेट कर. ही सिंगल लाइन आहे. टोकन माझ्याकडे आहे."

त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. सहा-सात वर्षं गेली असतील.

*

गुम्मिडिपूंडीला एका कारखान्याचा वार्षिक समारंभ होता, तिथे आम्हाला बोलावलं. आता फॅक्टरीतल्या तमिळ कामगारांत इंग्रजी कंट्री कोण ऐकणार! अंकल वायरी उचलायला म्हणून बरोबर आले होते. दोन गाण्यांत लोक उठून जातील अशी सेल्वमची खात्री होती.

डॉरीनने तुरुंगातल्या मुलाचं गाणं घेतलं. कँटीनमधली एक बाई हातात बादली घेऊन उभी राहिली ती उभीच. डोळ्यांतून पाणी. गाणं संपल्यावर सेल्वमने तिला विचारलं, "अक्का, इंग्रजी कळतं?"

"एक अक्षर नाही."

"मग रडलीस का?"

ती डॉरीनकडे बोट करून चिडून म्हणाली, "तिला कळतंय ना? मग झालं तर!"

परतताना आम्ही सगळे एका व्हॅनमध्ये. रेड हिल्स गेलं, माधवरम आलं, तरी अंकलचा रिपोर्ट नाही. शेवटी सेल्वमनेच छेडलं, "काय अंकल, आज किती?"

"चार मिनिटं लेट," अंकल खिडकीबाहेर बघत म्हणाले. मग घड्याळ खिशात टाकत, "पण पॅसेंजर एकही उतरला नाही."

डॉरीनने तोंड फिरवलं. ती रडत होती हे व्हॅनमध्ये सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी ते न कळल्यासारखं केलं.

*

ऑस्ट्रेलियातून, पर्थहून, डॉरीनच्या भावाने तिचे आणि अंकलचे तिकडे राहायला यायचे कागद पाठवले. शाळेत मुलं कमी होत चालली होती, कॉलनीतली निम्मी घरं रिकामी. अंकलनी डॉरीनच्या कागदांवर सह्या करवून घेतल्या आणि स्वतःचे परत पाठवले. सगळ्यांनी समजावलं. मीही गेलो होतो.

"मी ड्रायव्हर आहे, राव. या वयात मला पॅसेंजर करू नका," म्हणाले. "आणि आयरीन इथे आहे. तिला सोडून जायला एकदा उशीर केला तेवढा पुरे."

"सोडून जायला नव्हे अंकल, यायला," मी म्हणालो.

"तेच ते. वेळेवर आलो नाही म्हणजे तिला सोडलंच ना," अंकल म्हणाले.

त्यांच्या दाराच्या मागे वेताचं एक मोठं कडं टांगलेलं होतं. टोकन देण्या-घेण्याचं. धावत्या इंजिनातून ड्रायव्हर हात बाहेर काढतो आणि प्लॅटफॉर्मवरचा माणूस हे कडं त्याच्या हातात अडकवतो. टोकन कड्याला लावलेल्या चामडी पिशवीत असतं. निकामी झालेलं एक कडं स्टेशनच्या लोकांनी अंकलना रिटायरमेंटला भेट दिलं होतं.

*

डॉरीनचा निरोपाचा कार्यक्रम रविवारी दुपारी चार वाजता ठेवला. चहा, केक, आणि आमचं वाजवणं. बँडमध्ये आम्ही तिघेच राहिलो होतो, पण क्लब भरलेला. अप्पांनाही मी घेऊन आलो होतो. अंकल पहिल्या रांगेत, कोट घालून, घड्याळ हातात घेऊन.

डॉरीनने आगगाडीचं गाणं घेतलं. नेहमीसारखी गाडी सुटेना. लोक हसायला तयार होऊन अंकलकडे बघत होते. तेवढ्यात अंकल उठले आणि गाणं चालू असतानाच दारातून बाहेर गेले.

डॉरीनचा आवाज त्या ओळीवर फाटला. आजवर अंकलनी तिला लेट म्हटलं होतं, पण उठून कधी गेले नव्हते. तिने गाणं कसंबसं पुरं केलं. तुरुंगातलं घेतलं, आणखी एक घेतलं. प्रत्येक गाण्याला डोळे दाराकडे. रिपोर्ट द्यायला कुणी नव्हतं.

"बस्स, राव," ती माझ्याजवळ येऊन म्हणाली. "आता शेवट करू या."

तेवढ्यात दार उघडलं. अंकल परत आले होते, घामाने निथळत. खांद्यावर ते वेताचं कडं.

ते मधल्या मोकळ्या जागेतून चालत स्टेजपर्यंत आले. प्लॅटफॉर्मवरचा माणूस उभा राहतो तसे एक पाय पुढे टाकून उभे राहिले आणि कडं दोन्ही हातांनी वर धरलं. हॉलमध्ये सगळी रेल्वेचीच माणसं. कुणाला काही सांगावं लागलं नाही. एकेक करत सगळे उठून उभे राहिले.

डॉरीनने हात पुढे केला आणि कडं खांद्यापर्यंत घेतलं.

सेल्वमने ड्रमच्या काठ्या खाली ठेवून हलक्या आवाजाचे ब्रश उचलले. तिने खिडकीतल्या दिव्याचं, आयरीन आंटींचं गाणं गायलं. कुणी नाचलं नाही. किती वेळ चाललं ते मला सांगता यायचं नाही; माझी बोटं आपोआप चालत होती. एका ओळीवर ती थांबली, पेरियण्णा थांबायचा त्याहून जास्त, आणि सेल्वम, मी, सगळा हॉल तिच्याबरोबर थांबून राहिलो. मग तिने ती ओळ पुरी केली.

टाळ्या वाजल्या नाहीत. डॉरीन कडं खांद्यावर तसंच ठेवून खाली उतरली आणि वडिलांसमोर उभी राहिली.

"डॅडी, किती लेट?"

अंकलनी कोटाच्या खिशावर हात ठेवला.

"घड्याळ घरी ठेवून आलो," ते म्हणाले.