शैलावहिनींचं चांदीचं नाणं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी म्युनिकला एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये होतो. "हे गेले, भाऊजी. झोपेतच." मग म्हणाल्या, सावकाश या... विनायक म्हणजे स्टुटगार्टजवळ जन्मभर मोटारींचे पत्रे प्रेसखाली दाबत आलेला इंजिनीअर आणि माझा पुण्यापासूनचा मित्र. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, हा पठ्ठ्या जुन्या नाण्यांच्या नादी लागला. मध्ययुगात इथले बिशप आणि मठप्रमुख राज्य करत आणि स्वतःची नाणीही पाडत. संग्रहालयात त्याने एका मठप्रमुख बाईंचं नाणं पाहिलं. कागदासारखा पातळ चांदीचा पत्रा, एकाच बाजूने ठसा मारलेला. सिंहासनावर बाई, हातात ग्रंथ. पत्रा दाबून आकार काढणारा तो जुना कारागीर म्हणजे आपला सहकारीच, असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

मग त्याने ठरवलं, शैलावहिनींच्या साठीला त्यांचंही असंच नाणं पाडायचं. इमारतीच्या तळघरात, केलरमध्ये बसून त्याने स्वतः डाय, म्हणजे ठशाचा पोलादी साचा, कोरली. सिंहासनाच्या जागी घरातली खुर्ची, ग्रंथाच्या जागी टीव्हीचा रिमोट. वहिनी रागावल्या, पण माझा चष्मा नीट कोरा म्हणून बजावायला विसरल्या नाहीत. पत्रा मात्र दर वेळी फाटायचा. टनांच्या दाबात वावरलेल्या माणसाला हलका हात कुठून येणार? पत्र्याखाली कधी लाकूड ठेवून पाहिलं, कधी शिसं, एकदा तर कणकेचा गोळा. रविवारी ठोकाठोक केली की शेजारच्या आजीबाई तक्रार घेऊन यायच्या आणि कॉफी पिऊन जायच्या. शेवटच्या फोनवर त्याने विचारलं होतं, "साठीपर्यंत जमेल ना रे?" मी म्हटलं, जमेल. त्याची फार आठवण येते.

गेल्या आठवड्यात वहिनींची साठी झाली. ओवाळणं वगैरे काही नको म्हणाल्या आणि मला केलरमध्ये घेऊन गेल्या. विनायकचा कमरेचा जुना कातडी पट्टा टेबलावर पसरला, त्यावर पत्रा ठेवला, मला डाय धरायला लावली आणि हातोडी उचलली. विनायक असता तर आधी अर्धा तास व्याख्यान झालं असतं. त्यांनी एकच हलका ठोका दिला... पत्रा फाटला नाही. खुर्ची, चष्मा, रिमोट, सगळं लख्ख उठलं होतं. फक्त खुर्चीशेजारी एक बारीक गोल वळ दिसत होता. ढेरी वाढली तेव्हा विनायकने खिळ्याने पट्ट्याला एक जास्तीचं भोक पाडलं होतं, नेमकं तेच पत्र्याखाली आलं होतं. मी म्हटलं, भोक चुकवून दुसरा पत्रा घेऊ.

"नको, भाऊजी," त्या म्हणाल्या. "हे बसलेत की शेजारी. राहू दे."